अठरा पहिल्या चिठ्ठ्या

१

शब्दकोशाच्या कचेरीत कुणी आवाज चढवत नाही. तिथं भांडणंसुद्धा कुजबुजत होतात. त्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता मात्र मुख्य संपादकांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आपल्या कचेरीत चोरी झाली आहे. आणि चोर आपल्यातच आहे."

त्यांच्या हातात एक लांबट पाकीट होतं. त्यातून त्यांनी चिठ्ठ्या काढल्या आणि पत्ते मांडावेत तशा टेबलावर मांडल्या. अठरा चिठ्ठ्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात एकचा आकडा.

"या मास्तरांच्या गठ्ठ्यांमधल्या पहिल्या चिठ्ठ्या. त्यांच्याच अक्षरात. आत्ता दहा मिनिटांपूर्वी या बाईंच्या खणात सापडल्या."

या बाई म्हणजे चिठ्ठीताई. कचेरीतल्या तीनशे खणांपैकी कुठल्या खणात कुठला शब्द आहे हे डोळे मिटून सांगणारी, पंचेचाळिशीची, शांत बाई. आणि मास्तरांची एकुलती एक लेक. ती भिंतीला टेकून उभी होती.

साहेबांनी एक चिठ्ठी वाचून दाखवली. "'या गठ्ठ्यातले सर्व शब्द मी मुख्य संपादकांच्या टिपणांवरून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे उतरवले.' अठराच्या अठरांवर हेच आहे. आपले वडील नुसते लेखनिक होते हे जगाला कळू नये, म्हणून यांनी त्या दडवल्या. उद्या चार वाजता विश्वस्तांची बैठक आहे. तोवर यांनी कामावर येऊ नये."

आणि त्यांनी तसा कागद सूचनाफलकावर लावला. स्वतःच्या हातानं, चार टाचण्या मारून.

त्या टाचण्या टाचणीबाईंच्या डब्यातल्या होत्या, याचा बाईंना जास्तच राग आला. चौतीस वर्षं त्या इथं मुद्रितं तपासत होत्या. कॉलरला टाचण्यांची रांग, कानामागे लाल पेन्सिल आणि जिभेला टाचणीपेक्षा बारीक टोक. नाव आपसूक पडलं होतं. मास्तरांना त्या पंचवीस वर्षं ओळखत होत्या. तो माणूस कुणाचा लेखनिक? हे म्हणजे विहिरीनं बादलीकडून पाणी घेतल्यासारखं झालं!

"साहेब," त्या म्हणाल्या, "खण उघडायच्या आधी तिला विचारलंत?"

"चोराला विचारून झडती घेतात का?"

"चोर ठरवून झडती घेतात, हे आज कळलं."

दिवाणखान्यात कुणीतरी खोकलं. साहेब हसले, पण ओठांनीच. "तुम्ही मुद्रितं बघा बाई."

"तेच बघणार आहे," टाचणीबाई म्हणाल्या. "चूक कुठं आहे ते शोधायचाच पगार घेते मी."

२

मास्तरांची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी.

इंग्रजीत ज्यू धर्मगुरूला रॅबाय म्हणतात, त्या शब्दाचा मूळ अर्थ 'माझे गुरुजी'. प्रार्थनाघरामागच्या खोलीत मास्तर ज्यू मुलांना धर्मग्रंथ शिकवत, म्हणून कचेरीत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. एकदा कचेरीचा जुना इंग्रजी शब्दकोश त्यांच्या हाती पडला आणि त्यांची झोपच उडाली. रॅबिनिझम, रॅबिनिस्ट, रॅबिनिकल, आणि टाल्मुड या धर्मग्रंथाच्या अभ्यासकाला टाल्मुडिस्ट. शब्द सगळे होते, पण अर्थ लिहिणाऱ्यानं नाक मुरडत लिहिले होते. जो माणूस हयातभर पोरांना शिकवतो, त्याला कोशात 'शब्दांचा निरर्थक कीस पाडणारा' म्हटलेलं. फॅरिसी हे ज्यूंमधल्या एका जुन्या पंथाचं नाव, त्याचा अर्थ सरळ 'ढोंगी'. कॅबल म्हणजे 'कारस्थानी टोळकं', आणि तो शब्द मुळात एका ज्यू गूढविद्येच्या नावावरून आला, त्या विद्येशी कारस्थानाचा संबंध नाही, याचा उल्लेखसुद्धा नाही. अख्ख्या ज्यू जमातीचं नाव 'फसवणे' या अर्थाचं क्रियापद म्हणून दिलेलं, आणि पुढं 'हा वापर अपमानास्पद आहे' एवढे चार शब्द लिहायचे कष्ट कुणी घेतले नव्हते.

मास्तर चिडले नाहीत. ते कामाला लागले. पंचवीस वर्षं त्यांनी जुनी पुस्तकं धुंडाळली, एकेका शब्दाचे खरे वापर चिठ्ठ्यांवर उतरवले. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी, हे कुणाकडून कळलं त्याचं नाव. एका चिठ्ठीवर तर गल्लीतल्या भाजीवाल्याचं नाव होतं. त्यानं वाटेत एक म्हण सांगितली होती. अशा सातशेच्या वर चिठ्ठ्या, एकोणीस गठ्ठे. अकरा महिन्यांपूर्वी मास्तर गेले. आता नवा कोश छापखान्यात जायचा होता, आणि या विभागाचं कौतुक आधीच दूरदूरच्या विद्वानांपर्यंत पोचलं होतं. 'संकलन' या शब्दापुढं कुणाचं नाव छापायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

इतकी वर्षं साहेबांना हे शब्द म्हणजे 'अडगळ' वाटत होते. कौतुक सुरू झाल्यावर अडगळीचं सोनं झालं.

टाचणीबाईंनी चिठ्ठीताईला फाटकापाशी गाठलं. ती रडत नव्हती. रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

"पोरी, खरं सांग. त्या चिठ्ठ्या तू कधी पाहिल्या होत्यास?"

"आज पहिल्यांदा. बाई, काल संध्याकाळी मी तो खण रिकामा करून पुसला होता. नवे कोरे कागद ठेवले. तेव्हा त्यात काही नव्हतं."

"म्हणजे काल संध्याकाळ ते आज अकरा. कुलूप?"

"किल्ल्या तिघांकडे. मी, उपसंपादक आणि साहेब." तिनं फाटकाची कडी धरली. "बाई, नोकरी गेली तर जाऊ दे. पण बाबांनी दुसऱ्याचं सांगणं उतरवून घेतलं, असं छापून आलं तर ते पुन्हा एकदा मरतील. कोशात छापलेलं खोटं शंभर वर्षं टिकतं, हे त्यांनाच तर ठाऊक होतं."

३

उपसंपादकांना कचेरीत तळटीप म्हणत. साधं 'बरं आहे का?' विचारलं, तरी उत्तराला तीन खुलासे जोडणारा माणूस. हाडकुळा, घाबरट, प्रामाणिक की प्रामाणिक दिसणारा, हे आजवर कुणी तपासलं नव्हतं.

"कमी आहेत हे तुम्हालाच सापडलं ना?" टाचणीबाईंनी दार लावून घेत विचारलं.

"हो. म्हणजे, एका अर्थी. सोमवारी छपाईसाठी गठ्ठे मोजायला घेतले. नोंदवहीत तिसऱ्या गठ्ठ्यापुढं एक्केचाळीस लिहिलंय, गठ्ठ्यात चाळीसच. चौथ्यात एक कमी. पाचव्यात एक कमी. मला घामच फुटला. साहेब तापानं घरी होते, म्हणून मी यादी करून त्यांना बंद पाकिटात पाठवली."

"नोंदवहीतले आकडे कुणाचे?"

"माझेच. मास्तर गठ्ठा आणून द्यायचे तेव्हा मी लगेच नोंद करायचो."

"मोजून?"

तळटीपनं नोंदवही मिटून पुन्हा उघडली. मुद्दा टोचला होता.

"प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक असायचा ना बाई," तो म्हणाला. "शेवटच्या चिठ्ठीवर एक्केचाळीस असलं, की मी एक्केचाळीस लिहायचो. कोण सुटवून मोजणार?"

"पंचवीस वर्षं एकही गठ्ठा सुटवला नाहीत?"

"मास्तरांच्या हिशोबात चूक असेल असं कधी वाटलंच नाही," तो खाली बघत म्हणाला.

बाईंनी एकोणीसच्या एकोणीस गठ्ठे टेबलावर मांडले. सगळे जाड दोऱ्यानं फुलीसारखे बांधलेले. सगळ्यांत वरची चिठ्ठी क्रमांक दोन. त्यांनी एक दोरा सोडला आणि भिंग डोळ्याला लावलं.

दोन क्रमांकाची चिठ्ठी चहात बुडवल्यासारखी तपकिरी पडली होती. आणि तिच्यावर दोरा जिथून गेला होता, तिथं कागदाचा मूळ फिका रंग शिल्लक होता. स्वच्छ, पांढुरकी फुली. तीन क्रमांकाची चिठ्ठी मात्र कोरीकरकरीत, तिच्यावर फुली नाही.

त्यांनी दुसरा गठ्ठा सोडला. तेच. तिसरा. तेच.

"आता त्या सापडलेल्या चिठ्ठ्या आणा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

अठराही चिठ्ठ्या सारख्याच पिवळट होत्या, पाठीमागून आणि पुढून. फुली एकीवरही नव्हती.

"म्हणजे या कधी गठ्ठ्यावर नव्हत्याच," तळटीप पुटपुटला. मग एकदम त्याचा चेहरा पडला. "पण बाई, नोंदवही! क्रमांक दोनपासून सुरू होतात म्हणजे एक असणारच. विश्वस्त कागदाचा रंग बघणार नाहीत, आकडा बघतील. आणि आकडा म्हणतो, एक चिठ्ठी गायब आहे."

खरं होतं ते. फुलीला फार तर एक कुतूहल म्हणतील. आकड्यापुढं त्यांना आकडाच लागणार होता.

बाई उठताउठता नोंदवही चाळत होत्या, तेवढ्यात त्यांची नजर एका ओळीवर अडली. बाराव्या गठ्ठ्यापुढं लाल शाईत एक दुरुस्ती होती.

"हे काय?"

"ते होय? सोमवारी बारावा गठ्ठा पुरा भरला होता, म्हणून यादीत मी अठराच लिहिले. बुधवारी दुपारी पुन्हा पाहिलं, तर मी तळाला घातलेला कोरा कागदही चिठ्ठी म्हणून मोजला होता. बाराव्यातही एक कमीच. साहेब कामावर आले की सांगणार होतो. पण आज आल्या आल्या हा गोंधळ."

टाचणीबाईंनी त्या लाल ओळीवर बोट ठेवलं.

"हे कुणाला बोललात?"

"अजून कुणालाच नाही."

"मग उद्या चारपर्यंत बोलू नका," त्या म्हणाल्या. "एकही तळटीप नको."

४

मास्तरांच्या सोबत्याचं दुकान प्रार्थनाघराच्या गल्लीत होतं. सगळे त्याला घड्याळजी म्हणत. बिघडलेली घड्याळं दुरुस्त करणं हा धंदा, आणि मास्तरांशी रोज संध्याकाळी एका ग्रंथावर वाद घालणं हे खरं काम. त्यांच्या परंपरेत एकट्यानं वाचत नाहीत. दोघं समोरासमोर बसून भांडत वाचतात. चाळीस वर्षं भांडले, आणि आता अकरा महिने घड्याळजी एकटाच बसत होता.

आरोप ऐकून म्हातारा उभाच राहिला. डोळ्याला लावलेलं भिंग खाली पडलं, तेही त्यानं उचललं नाही.

"लेखनिक? त्या माणसाला? अहो, तो माझ्याशी वाद जिंकला तरी दुसऱ्या दिवशी पोरांना सांगायचा, 'हा मुद्दा घड्याळजींचा आहे.' ज्याचं त्याच्या नावानं सांगायचं, हे आमच्याकडे पाठ करवून घेतात. साहेबांनी सांगितलं असतं, तर प्रत्येक चिठ्ठीवर साहेबांचं नाव असतं. पहिल्या चिठ्ठीवर एकदाच ढीगभर आभार मानून मोकळा होणारा माणूस नव्हता तो."

"मला त्या पहिल्या चिठ्ठीबद्दलच विचारायचंय," बाई म्हणाल्या. "एकोणीस गठ्ठे. सगळे दोनपासून सुरू. एक का नाही?"

घड्याळजीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू एखाद्या पोरानं 'सूर्य का उगवतो' विचारलं होतं. मग तो मागच्या खोलीत गेला आणि दोन्ही हातांनी धरावा लागेल असा ग्रंथ घेऊन आला.

"उघडा. पहिलं पान काढा."

बाईंनी सवयीनं डावीकडून उघडला.

"तिकडून नव्हे, उजवीकडून. आमची लिपी उलटी चालते."

नाव असलेलं पान आलं. मग मजकूर सुरू झाला. घड्याळजीनं कोपऱ्यातल्या अक्षरावर बोट ठेवलं. "हा आमचा आकडा. दोन."

"आणि एक?"

"नाही. या ग्रंथाच्या कुठल्याच भागाला पहिलं पान नसतं. सगळे दोनपासून. छापणारे म्हणतात, मुखपान एक धरलं, म्हणून मजकुराला दोन. पण मास्तर पोरांना दुसरंच सांगायचा. म्हणायचा, 'तू कितीही वाचलंस, तरी सुरुवातीचं पान तुझं वाचायचं राहिलंय, हे ध्यानात ठेव.' आणि स्वतः काही लिहायला घेतलं की दोनपासून आकडे घालायचा. किराणाची यादीसुद्धा. मी थट्टा करायचो त्याची."

टाचणीबाईंना आधी उलगडा झाला, आणि पाठोपाठ संताप आला. पंचवीस वर्षं हा माणूस कचेरीत येत होता, गठ्ठे ठेवत होता, आणि ज्यांचा धंदाच अर्थ शोधण्याचा, त्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं की बाबा रे, दोनपासून का? त्या 'एकाला'मध्ये त्याही आल्या, हे त्यांना जास्त लागलं.

"पण त्यांच्या लेकीला हे कसं ठाऊक नाही?"

घड्याळजीनं ग्रंथ मिटला. "मुलींना हा शिकवायची आमच्या पिढीत रीत नव्हती. ती लहानपणी दाराआडून ऐकायची. आम्हाला कळायचं. म्हणून दार आम्ही कधी पुरतं लावलं नाही."

बाईंनी जाताजाता हे चिठ्ठीताईच्या घरी जाऊन तसंच्या तसं सांगितलं. वाटलं, पोरीला दिलासा मिळेल. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"मी विचारलं होतं त्यांना, बाई. दहा-बारा वर्षांची असेन. 'बाबा, तुम्ही दोनपासून का मोजता?' म्हणाले, 'ते मुलांच्या वर्गातलं आहे.' एका वाक्यात सांगता आलं असतं! सकाळी मी तेच बोलणार होते, पण कारण ठाऊक नसताना कोण ऐकतं? आज त्या एका वाक्यावाचून मी चोर ठरले. दार पुरतं लावलं नाही म्हणतात. उघडलंही नाही ना!"

टाचणीबाईंनी मान डोलावली. पोर खरं बोलत होती.

"उद्या चारला ये," त्या म्हणाल्या.

"मला मनाई आहे."

"मनाई कामावर यायला आहे. फाशी बघायला यायला कोण अडवतं?"

५

विश्वस्तांच्या अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. घड्याळाकडे बघत बोलायची त्यांना सवय होती. त्यांच्या समोर नोंदवही, अठरा चिठ्ठ्या आणि साहेबांचा राजीनाम्याचा मसुदा होता. राजीनामा अर्थातच चिठ्ठीताईचा, तिनं फक्त सही करायची. घड्याळजी कोपऱ्यातल्या खुर्चीत ग्रंथ मांडीवर घेऊन बसला होता.

"पुरावा स्पष्ट आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "प्रत्येक गठ्ठ्यात एक चिठ्ठी कमी, आणि त्या यांच्या खणात."

"एक प्रश्न विचारू का?" टाचणीबाई उभ्या राहिल्या. "साहेब, गठ्ठे एकोणीस. चिठ्ठ्या अठरा. बाराव्या गठ्ठ्याची पहिली चिठ्ठी कुठं आहे?"

"बारावा गठ्ठा पूर्ण आहे," साहेब तत्काळ म्हणाले. "त्यात कमी नाही."

"म्हणजे त्यात पहिली चिठ्ठी जागेवर असेल."

"असणारच."

बाईंनी बारावा गठ्ठा अध्यक्षबाईंपुढं ठेवला. "सोडा."

अध्यक्षबाईंनी दोरा सोडला. वरची चिठ्ठी उचलली. चष्मा नाकावर नीट बसवला. "इथं तर दोन आहे."

"एकोणीसही गठ्ठे दोनपासूनच सुरू होतात. मास्तरांनी आयुष्यात पहिली चिठ्ठी लिहिलीच नाही. घड्याळजी, दाखवा."

घड्याळजीनं दाखवलं. फार बोलला नाही, फक्त पानं उलटत गेला. एक भाग, दुसरा भाग, तिसरा. दोन, दोन, दोन. मग बाईंनी तपकिरी चिठ्ठ्यांवरच्या फुल्या दाखवल्या, आणि तळटीपनं मान खाली घालून कबूल केलं की नोंदवहीत त्यानं कधी मोजून आकडे लिहिले नव्हते, शेवटचा क्रमांक तेवढा उतरवला होता.

"म्हणजे चोरीच झालेली नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "चिठ्ठ्या बनावट आहेत. पण मग बनवल्या कुणी?"

"खणाची किल्ली तिघांकडे. बुधवारी संध्याकाळी खण रिकामा होता, असं ताई म्हणते. तिचं खरं मानू नका हवं तर. तिनं कशाला स्वतःच्या बापाला लेखनिक ठरवणारे कागद बनवावेत? तेव्हा राहिले दोघं. आता बघा. बनवणाऱ्यानं गठ्ठे उघडून पाहिलेच नाहीत, नाहीतर बाराव्याचीही चिठ्ठी बनवली असती. त्यानं यादी बघून बनवल्या. आणि ती यादी चुकलेली होती. उपसंपादकांना ती चूक बुधवारी दुपारीच कळली. लाल शाईत तारीख आहे. ते बनवते, तर गुरुवारी सकाळी खणात एकोणीस निघाल्या असत्या. चुकलेल्या यादीवर गुरुवार सकाळपर्यंत विश्वास ठेवणारा माणूस एकच. सोमवारपासून घरी, तापानं अंथरुणावर, हाताशी मास्तरांची पंचवीस वर्षांची पत्रं, अक्षर गिरवायला."

साहेब खुर्चीतून उठले नाहीत. त्यांचा आवाजही पूर्वीसारखाच होता, हेच टाचणीबाईंना सर्वांत किळसवाणं वाटलं.

"कोशाला चेहरा लागतो," ते म्हणाले. "एका गल्लीतल्या मास्तराच्या नावावर कोण भरवसा ठेवणार? माझ्या नावाला वजन आहे. शब्द तेच राहिले असते, चार लोकांपर्यंत पोचले असते. त्यात त्याचं काय गेलं असतं? तो तर मेलाय."

"तो मेलाय," टाचणीबाई म्हणाल्या, "आणि ही? हिला तुम्ही जिवंतपणी गाडत होतात! उंदराला मांजर साक्ष अशी म्हण आहे साहेब, पण तुम्ही तर मेलेल्या माणसालाच साक्षीला बोलावलंत, आणि तेही त्याच्याच लेकीविरुद्ध."

अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "झालं ते वाईट झालं. पण कोशाची अब्रू आहे. साहेब प्रकृतीच्या कारणानं निवृत्त होतील. ताई सोमवारपासून कामावर येतील. विषय इथंच मिटवू."

"नाही," चिठ्ठीताई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. इतका वेळ ती दाराशी उभी होती; कुणी तिला बसायलाही सांगितलं नव्हतं.

"मला चोर म्हटलं ते दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर. कागद फलकावर लावला. मग खरं बंद खोलीत का सांगायचं? तोच दिवाणखाना, तोच फलक. साहेबांनी काय केलं ते लिहायचं. प्रकृती नको."

अध्यक्षबाईंनी राजीनाम्याचा मसुदा बाजूला सारला. मग त्यांनी पेन उचललं. पाच वाजून दहा मिनिटांनी कचेरीतल्या सगळ्यांसमोर त्यांनी तो कागद मोठ्यानं वाचला, आणि मुख्याध्यापिकेच्या आवाजात वाचला, हे कबूल करायला हवं. जुना कागद टाचणीबाईंनी स्वतः उपटला.

६

तीन आठवड्यांनी त्या विभागाची मुद्रितं आली. पहिल्याच पानावर 'संकलन' आणि पुढं मास्तरांचं पूर्ण नाव. चिठ्ठीताईनं ते बोटानं एकदा वाचलं आणि पुढचं पान घेतलं. आता ती रोज संध्याकाळी घड्याळजीसमोर बसते आणि भांडते. तो म्हणतो, बापापेक्षा वाईट भांडते.

दोघी मूळ चिठ्ठ्या समोर ठेवून मुद्रितं ताडून बघत होत्या. अकराव्या गठ्ठ्यात एका जुन्या शब्दाच्या चिठ्ठीपाशी टाचणीबाईंची पेन्सिल थबकली. तळाशी मास्तरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'हा वापर मुख्य संपादकांनी दाखवून दिला.' आणि मुद्रितात, अर्थाखाली, साहेबांचं नाव जसंच्या तसं छापून आलं होतं.

"सातशे चिठ्ठ्यांत एकदा!" बाई फणकारल्या. "एकदाच काय ते त्या माणसानं काहीतरी दिलं, आणि तेही आता कोशात राहणार? मुळीच नाही. ही ओळ मी उडवते."

"थांबा बाई. त्यांनी दिलं होतं ना खरंच?"

"बघ, चिठ्ठी मास्तरांचीच आहे. फुली-बिली काही नको, अक्षर मी ओळखते. पण म्हणून काय झालं? ज्यानं तुझ्या बापाचं नाव पुसायला हात घातला, त्याचं नाव तू शंभर वर्षं जपणार?"

"बाबांनी लिहिलंय." चिठ्ठीताईनं पेन्सिल हळूच बाजूला सारली. "ते उडवलं, तर साहेबांनी केलं तेच आपण केलं. राहू दे."

टाचणीबाईंनी ती ओळ रागानं दोनदा तपासली. ओळीत एकही चूक नव्हती. शेवटी त्यांनी समासात 'ठीक' असं लिहिलं, इतकं दाबून की पेन्सिलीचं टोक मोडलं, आणि शिव्या घालत दुसरी पेन्सिल शोधायला उठल्या.